गोठलेली जमीन आणि कुंपणाचा खांब

अमेरिकेतील मिनेसोटा व नॉर्थ डकोटा ही राज्ये आणि सीमेपलीकडील कॅनडाचा मॅनिटोबा प्रांत येथे जानेवारीत पारा अनेकदा शून्याखाली २० ते ३० अंशांपर्यंत उतरतो. या दिवसांत शेतात पहार मारली, तर ती कातळावर आदळल्यासारखी झणझणत परत येते. मातीतील ओलाव्याचे बर्फ झालेले असते आणि त्या बर्फाने मातीचे कण एकमेकांशी घट्ट जखडलेले असतात. ओल्या मातीचा असा गोठलेला थर मजबुतीच्या बाबतीत हलक्या प्रतीच्या काँक्रीटच्या जवळ जातो. अशा वेळी ट्रॅक्टरच्या धडकेने कुंपणाचा खांब मोडला किंवा गुरांसाठी तातडीने नवा वाडा बांधण्याची गरज पडली, तर वसंत ऋतूपर्यंत थांबायचे की या जमिनीशी दोन हात करायचे, हा प्रश्न तेथील पशुपालकापुढे उभा राहतो.

खड्डा पाडणे हा या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे, आणि तोही तुलनेने सोपा. योग्य हत्यारे आणि इंधन असेल तर गोठलेल्या जमिनीतही खांब घालता येतो. तो पुढील दोन-तीन हिवाळे त्याच जागी, त्याच खोलीवर उभा राहील याची खात्री देणे मात्र कठीण असते. कारण गोठणारी जमीन नुसती टणक होत नाही. ती वर उचलली जाते आणि वर येताना खांबालाही सोबत घेऊन येते.

हिवाळ्यात कुंपण कशाला?

शेतात पीक नाही, सगळीकडे बर्फ पसरले आहे, मग कुंपणाची एवढी घाई कशाला, असे आपल्याकडील वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे कुंपण मुख्यत्वे पीक राखण्यासाठी घातले जाते. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात ते गुरे आत राखण्यासाठी असते. हिमवादळ सुटले की गुरे वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात आणि वारा नेईल तिकडे मैलोन्‌मैल भरकटत जातात. वाटेत महामार्ग येतो, रेल्वेमार्ग येतो, बर्फाने झाकलेली तळी येतात.

या प्रदेशात काटेरी तारेचे युग सुरू झाले ते इलिनॉय राज्यातील डी-काल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी मिळालेल्या पेटंटनंतर. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत टेक्सासच्या उत्तर टोकाला सुमारे २०० मैल लांबीचे कुंपण उभे राहिले. उत्तरेकडील गुरे हिवाळ्यात वाऱ्याबरोबर दक्षिणेतील कुरणांत उतरू नयेत, हा त्याचा उद्देश होता. १८८६ च्या जानेवारीतील हिमवादळात हजारो गुरे या तारेपाशी येऊन अडली, एकमेकांवर रेटली गेली आणि तेथेच गारठून मेली. पुढचाच, म्हणजे १८८६-८७ चा हिवाळा माँटाना, वायोमिंग आणि डकोटा येथील पशुपालकांचे कंबरडे मोडणारा ठरला. कुंपण नसले तर गुरे भरकटतात आणि चुकीच्या जागी असले तर तेच सापळा बनते, हे तेव्हा दिसून आले.

अलीकडचे उदाहरण २०१३ मधील आहे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम भागात अचानक मोठे हिमवादळ झाले. गुरे अजून उन्हाळी कुरणांतच होती आणि त्यांच्या अंगावर थंडीची जाड लव आलेली नव्हती. आधी पाऊस, मग बर्फ आणि सोसाट्याचा वारा, अशा माऱ्यात हजारो जनावरे दगावली. कुंपणे मोडून किंवा कुंपणाइतक्या उंच साचलेल्या बर्फावरून चालत जाऊन कित्येक जनावरे मैलोगणती दूर गेली होती.

याला कायद्याचीही बाजू आहे. मिनेसोटात दोन शेजाऱ्यांच्या सामाईक हद्दीवरील कुंपणाचा खर्च कोणी किती करायचा यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तंटा झाल्यास गावपातळीवरील निवडून आलेले पदाधिकारी ‘फेन्स व्ह्यूअर’ म्हणून जागेवर जाऊन निवाडा देतात. आपल्याकडील बांधावरच्या भांडणांची ज्यांना कल्पना आहे, त्यांना ही व्यवस्था हेवा वाटावा अशी आहे!

बर्फाखालची ऊब

जमीन किती खोल गोठते हे केवळ थंडीवर ठरत नाही. मिनेसोटाच्या बांधकाम नियमावलीनुसार इमारतीचा पाया राज्याच्या उत्तर भागात किमान ६० इंच आणि दक्षिण भागात किमान ४२ इंच खोल न्यावा लागतो, कारण त्या खोलीपर्यंत जमीन गोठू शकते असे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात एकाच शेतात दहा पावलांवर फरक पडतो. भुसभुशीत बर्फात हवा भरपूर कोंडलेली असते आणि त्यामुळे त्याचा थर गोधडीचे काम करतो. हिवाळ्याच्या आरंभीच गवतावर दीड-दोन फूट बर्फ साचून राहिले, तर त्याखालची जमीन काही इंचच गोठलेली आढळू शकते. याउलट ज्या रस्त्यावरचे बर्फ रोज यंत्राने हटवले जाते किंवा ज्या वाटेवर गुरांच्या खुरांनी ते दाबून टाकलेले असते, तेथे थंडी खोलवर उतरते.

जाणते शेतकरी याचा फायदा करून घेतात. हिवाळ्यात कोठे खांब लागणार हे आधी ठाऊक असेल, तर ऑक्टोबरमध्येच त्या त्या जागी गव्हाच्या काडाचा जाड थर किंवा गठ्ठा टाकून ठेवला जातो. जानेवारीत तो बाजूला केला की खालची माती कुदळीने निघण्याइतकी मऊ सापडते. या विषयात जेवढ्या युक्त्या आहेत, त्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची हीच म्हणावी लागेल. ती साधण्यासाठी लागते ती फक्त तीन महिने आधीची आठवण.

पाणी गोठले म्हणून नव्हे

गोठणारी जमीन वर का येते, याचे उत्तर शाळेतल्या विज्ञानाने पटकन देता येईल असे वाटते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. मातीतील पाणी गोठले की माती फुगणारच. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कित्येक ठिकाणी जमीन चार-सहा इंच वर आलेली दिसते. मातीत मुळात असलेल्या पाण्याच्या प्रसरणाने एवढी वाढ होऊ शकत नाही.

अमेरिकी भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांनी या कोड्याची उकल केली. त्यांचा एक प्रयोग अत्यंत साधा पण निर्णायक होता. पाण्याऐवजी त्यांनी मातीत बेंझिन मुरवले. बेंझिन गोठताना प्रसरण पावत नाही, उलट आकुंचन पावते. तरीही माती वर उचललीच गेली. म्हणजे कारण प्रसरणात नव्हते. गोठणाऱ्या थराकडे खालून सतत द्रव ओढला जात होता, त्यात होते.

जमिनीत घडते ते असे. वरून खाली सरकणारी थंडी एका पातळीवर येऊन थबकते. तेथे बर्फाचा पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा खालच्या न गोठलेल्या मातीतील पाणी मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वर खेचतो, ते पाणी त्याला येऊन मिळते, गोठते आणि पापुद्रा जाड होत जातो. भिंगासारख्या आकाराचे असे बर्फाचे अनेक थर एकाखाली एक तयार होतात आणि वरची जमीन तेवढी उचलली जाते. यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : गोठवणारी थंडी, जवळ असलेले भूजल आणि पाणी वर चढवू शकणारी माती. यांतील एक जरी काढून घेतली, तरी जमीन उचलली जात नाही.

तिसरी गोष्ट माणसाच्या हातातली आहे. वाळू आणि खडीतील पोकळ्या मोठ्या असल्याने त्यांत पाणी वर चढत नाही. अगदी चिकट मातीत पाणी फार हळू सरकते. सर्वांत वाईट ती या दोहोंमधली, गाळाची बारीक माती. आर्थर कॅसाग्रांदे या अभियंत्याने १९३० च्या सुमारास रस्त्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की मिश्र आकाराच्या कणांच्या मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांहून अधिक असतील, तर ती उचलली जाण्याचा धोका संभवतो. हा निकष आजही वापरात आहे.

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीत कुंपण घालणाऱ्यांना हे वर्णन थोडे ओळखीचे वाटेल. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीनही खांब वाकवते, सैल करते. तेथे थंडीचा संबंध नाही. चिकण मातीतील खनिजांचे थर पाणी शोषून फुगतात. कारण वेगळे असले तरी खांबाच्या वाट्याला येणारे दुःख बरेचसे सारखे.

खांब वर कसा येतो

गोठलेली माती खांबाच्या अंगाला चिकटते. तो थर वर उचलला गेला की खांबही उचलला जातो आणि त्याच्या बुडाशी पोकळी तयार होते. वसंतात बर्फ वितळल्यावर जमीन पुन्हा खाली बसते, खांब मात्र बसत नाही. कारण त्या पोकळीत मधल्या काळात माती ढासळलेली असते. दरवर्षी इंच-दोन इंच असे करत काही वर्षांत खांब इतका वर येतो की तो हाताने हलू लागतो.

यावर पुस्तकी उपाय असा, की खांब गोठणरेषेच्या खाली न्यावा, म्हणजे खालच्या न गोठणाऱ्या मातीची पकड त्याला धरून ठेवील. इमारतीला हे परवडते. कुंपणात मात्र शेकडो खांब असतात आणि मधला साधा खांब अडीच फुटांहून खोल क्वचितच जातो. म्हणजे उत्तर मिनेसोटातील कुंपणाचे बहुसंख्य खांब पूर्णपणे गोठणाऱ्या थरातच उभे असतात! म्हणून व्यवहारात खर्च आणि मेहनत कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांवर केंद्रित केली जाते. तारेचा सगळा ताण त्यांच्यावर असतो, त्यामुळे ते साडेतीन-चार फूट खोल घेतात आणि आडव्या लाकडाने शेजारच्या खांबाशी जखडतात. मधल्या खांबांनी थोडेफार वर-खाली होणे गृहीतच धरलेले असते.

खड्डा पाडण्याचे मार्ग

जमीन आगीने वितळवण्याची पद्धत जुनी आहे. १८९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील क्लोंडाइक भागात सोने शोधणारे लोक रात्री जमिनीवर लाकडाची धुनी पेटवत आणि सकाळी राखेखालचा फूटभर मऊ झालेला थर खणून काढत. पुढे त्यांनी वाफेच्या नळ्या जमिनीत खुपसण्याचे तंत्र वापरले. तोच विचार आजही चालतो, साधने बदलली. उभे कापलेले लोखंडी पिंप उपडे घालून त्याखाली कोळसा पेटवून ठेवणे हा शेतावरचा घरगुती प्रकार. थंड प्रदेशांतील दफनभूमींत गॅसवर चालणारी, खालून उघडी असलेली लोखंडी पेटी जमिनीवर ठेवून रात्रभर तापवतात. ही सोय होण्यापूर्वी हिवाळ्यात मरण पावलेल्यांचे दफन अनेक गावांत वसंत ऋतूपर्यंत थांबवून ठेवावे लागे. बांधकाम कंपन्या रबरी नळ्यांतून गरम ग्लायकॉल-पाण्याचे मिश्रण फिरवतात आणि वरून उष्णतारोधक चादरी अंथरतात. दिवसाला साधारण फूटभर जमीन अशी मोकळी होते. कुंपणासाठी एवढी यंत्रणा भाड्याने आणणे परवडत नाही. एखाद्या फाटकासाठी आणली तर आणली.

वितळलेल्या मातीचा एक दोष असतो. आजूबाजूची जमीन गोठलेलीच असल्याने वितळलेले पाणी कोठे जिरत नाही आणि खड्ड्याचा वाडगा होतो. त्यामुळे काम त्याच दिवशी उरकावे लागते.

दुसरा मार्ग यंत्राने भोक पाडण्याचा. ट्रॅक्टरच्या मागे लावलेले किंवा हातात धरायचे मोठे गिरमिट, म्हणजे ऑगर, साध्या पात्यांनी गोठलेल्या चिकण मातीवर नुसते घसरत राहते. त्याला खडक फोडण्यासाठी असतात तसे टंगस्टन कार्बाइडचे दात बसवावे लागतात. गोठलेले ढेकूळ किंवा दगड अडकला की हातातले ऑगर एकाएकी उलटा हिसका देते, त्यामुळे हे एकट्याने करायचे काम नव्हे. काटकोनी छेदाचे पोलादी खांब, ज्यांना तेथे ‘टी-पोस्ट’ म्हणतात, बसवायचे असतील तर हातोडा-ड्रिलने बारीक भोक पाडून त्यात खांब ठोकतात. ठोकण्यासाठी एका टोकाला बंद असलेली जाड पोलादी नळी खांबावर टोपीसारखी घालून वर-खाली आपटली जाते. गोठलेला थर चार-पाच इंचांचा असेल तर टी-पोस्ट भोकाशिवायही आत जातो. फूटभराचा असेल तर खांबच वाकतो. लाकडी खांब ठोकून बसवण्याच्या यंत्राखाली चिरफळतो. आणि एकदा गोठलेल्या जमिनीत बसलेला खांब वसंतापर्यंत उपटता येत नाही, त्यामुळे जागा चुकली तर तीन-चार महिने चुकलेलीच राहते.

खणण्यापूर्वी भूमिगत वाहिन्यांची चौकशी हिवाळ्यातही बंधनकारक आहे. २००७ पासून संपूर्ण अमेरिकेत त्यासाठी ८११ हा एकच दूरध्वनी क्रमांक आहे. कळवल्यावर गॅस, वीज, दूरध्वनी कंपन्यांची माणसे येऊन खुणा करून जातात. गॅसच्या वाहिनीवर आग पेटवून जमीन वितळवणे किती महागात पडेल हे सांगायला नको.

भराव : खरी चूक होते ती येथे

खांब उभा राहिला की काम संपल्यासारखे वाटते आणि निघालेली ढेकळेच पुन्हा खड्ड्यात लोटली जातात. गोठलेली ढेकळे कितीही धुमसली तरी दबत नाहीत; त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात. एप्रिलमध्ये ती विरघळली की खांबाभोवती चिखल आणि रिकामी जागा उरते. म्हणून हिवाळ्यातील कामासाठी कोरडी, न गोठलेली बारीक खडी किंवा वाळू छपराखाली राखून ठेवतात आणि सहा-सहा इंचांच्या थरांनी पहारीच्या बोथट टोकाने ठोकून भरतात. अशा भरावात पाणी वर चढत नाही, त्यामुळे पुढील हिवाळ्यात खांबाला उचलणारी पकडही कमी होते. एकाच उपायाने दोन कामे साधतात.

काँक्रीट हा आपल्याकडे सर्व रोगांवरचा इलाज मानला जातो. येथे तो उलटू शकतो. ओले काँक्रीट पुरेशी ताकद येण्यापूर्वी गोठले तर ते कायमचे ठिसूळ राहते. भारतीय मानकांतही ५ अंश सेल्सिअसखालील तापमानात काँक्रीटसाठी वेगळी खबरदारी सांगितलेली आहे. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतू नये हा तर सर्वमान्य नियम. शिवाय खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता झाला, तर काँक्रीटला छत्रीसारखा कठडा येतो आणि गोठणारी जमीन त्या कठड्याखाली हात घालून अख्खा खांब उचलते. आकार याच्या उलट, बुडाशी रुंद हवा.

तारेचेही गणित आहे. पोलादी तार शून्याखाली २५ अंशांत ताणली आणि उन्हाळ्यात पारा ३५ वर गेला, तर १०० मीटर लांबीमागे सुमारे ७ सेंटिमीटर वाढ होते. त्यामुळे हिवाळ्यात नीट बसलेली तार जुलैत झोळ खाते. त्यातच हिवाळ्यात रोवलेल्या कोपऱ्याच्या खांबाभोवतीची माती वसंतात सैल होते. म्हणून पहिल्या हिवाळ्यात तार जेमतेम ताणून ठेवतात आणि पूर्ण ताण जमीन मोकळी होऊन बसल्यावर देतात.

जमिनीला हात न लावता

बरेच अनुभवी पशुपालक जानेवारीत खणण्याच्या फंदातच पडत नाहीत. स्वतःच्या वजनावर उभे राहणारे लोखंडी जाळीचे पल्ले एकमेकांत अडकवून तात्पुरता वाडा होतो. कॅनडाच्या मैदानी प्रांतांत गुरांना हिवाळाभर शेतातच वैरणीचे मोठे गोल गठ्ठे खायला ठेवतात आणि रोज थोडे गठ्ठे मोकळे करत विजेचे कुंपण पुढे सरकवतात. त्याचे हलके खांब जमिनीत न रोवता सरळ गठ्ठ्यांतच खुपसलेले असतात.

विजेच्या कुंपणाला हिवाळ्यात एक अडचण येते. एरवी जनावर तारेला टेकले की वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाते आणि झटका बसतो. कोरडे बर्फ आणि गोठलेली माती विजेला नीट वाहू देत नाहीत, त्यामुळे झटका सौम्य होतो आणि गुरांच्या ते लवकर लक्षात येते. यासाठी तारा आलटून पालटून जोडतात : एक प्रवाहित, तर दुसरी यंत्राच्या ‘अर्थ’ टोकाला. दोन्हींच्या मधून डोके घालणाऱ्या जनावराला मग जमिनीशिवायही झटका बसतो.

जेथे जमीन बारा महिने गोठलेलीच असते, तेथे तर विचारच उलटा करावा लागतो. १९७७ मध्ये सुरू झालेली अलास्काची ८०० मैल लांबीची तेलवाहिनी निम्म्याहून अधिक अंतर सुमारे ७८ हजार खांबांवर उभी आहे. अनेक खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या बसवल्या आहेत. हिवाळ्यात जमिनीतील उष्णतेने अमोनियाची वाफ होते, ती वर चढून थंड हवेत पुन्हा द्रवरूप होते आणि खाली येते. अशा रीतीने जमिनीतील ऊब सतत बाहेर काढली जाते आणि खांबाभोवतीची माती उन्हाळ्यातही गोठलेली राहते. जी जमीन वितळतच नाही, ती ढिली होऊन खांब खचूही देत नाही.

मिनेसोटाच्या शेतकऱ्याला अशी चैन शक्य नाही. एप्रिल-मे महिन्यांत जमीन मोकळी झाली, की तो खांब ठोकण्याची नळी आणि तार पिळण्याची पकड गाडीत टाकून कुंपणाच्या कडेने फेरी मारतो. हिवाळ्यात वर आलेले टी-पोस्ट दोन-चार ठोक्यांत पुन्हा खाली जातात; लाकडी खांबांच्या बुडाशी खडी भरून धुमसावी लागते. जे दोन-तीन वर्षे सतत वर येत आहेत, त्यांना रंगाची खूण केली जाते आणि माती सर्वांत कोरडी असते त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते काढून खोल व खडीच्या भरावात नव्याने रोवले जातात.